वहिनींची संमती आहे, तरी भाचीचं पालकत्व कोर्टातूनच घ्यावं लागतं का?

विट्याची आत्या

नमस्कार. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय माझी अडचण कळायची नाही.

माझा मोठा भाऊ मे 2021 मध्ये कोरोनाने गेला. त्याची मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. इथे तिला चिऊ म्हणते. वहिनींचं वय एकोणतीस. दोन वर्षं त्या आमच्याच घरात राहिल्या. मग माझ्या आईनेच पुढाकार घेतला आणि त्यांचं दुसरं लग्न लावून दिलं. पोटचा मुलगा गेलेल्या बाईने सुनेची पाठवणी करायची, त्या दिवशी आईने ओटी कशी भरली ते मी पाहिलंय. पाहुणे आमच्या खानापूर तालुक्यातलेच आहेत, गलाईचा म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा, कोइमतूरला दुकान. माणूस चांगला आहे, हे आधीच सांगते.

चिऊ आईबरोबर तिकडे गेली होती. दोन महिने राहिली. खाली गलाईची भट्टी आणि वर एक खोली. ॲसिडच्या वाफेने तिचा खोकला थांबेना, शाळेत एक अक्षर कळेना. शेवटी वहिनींचाच फोन आला, "वन्सं, तिला घेऊन जा. मला बघवत नाही." तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. आता नऊ वर्षांची आहे, चौथीत. माझे मिस्टर एसटीत चालक आहेत, मी घरी शिवणकाम करते, माझा मुलगा दहावीत आहे. वहिनी रोज रात्री साडेआठला फोन करतात आणि दिवाळीला येतात. आमच्यात वाद नाही.

अडचण कागदाची आहे. गेल्या वर्षी चिऊचं टॉन्सिलचं ऑपरेशन सांगलीला ठरलं. फॉर्मवर मी सही करायला गेले तर म्हणाले, तुम्ही कोण? आत्या म्हटल्यावर, आई किंवा कायदेशीर पालक आणा. पोर रात्रीपासून उपाशी. वहिनी कोइमतूरला. ऑपरेशन पुढे गेलं, आणि घरी येताना चिऊने बसमध्ये विचारलं, "आत्या, तू माझी कोणीच नाहीस का?" त्या दिवसापासून हे डोक्यातून जात नाही.

दुसरं, तिचं सुकन्या समृद्धीचं खातं 2018 साली माझ्या वडिलांनी काढलं होतं, पालक म्हणून आजोबांचं नाव. आता पोस्टात सांगतात की आजोबा चालत नाहीत, पालक बदला. आणि शाळेतही पाचवीच्या प्रवेशाला "पालकत्वाचा दाखला" लागेल असं आत्तापासून कानावर घातलंय.

गावातले एक जाणते म्हणाले, पाचशेच्या स्टँपवर वहिनींचं संमतीपत्र घ्या, नोटरी करा, झालं काम. दुसऱ्यांनी सांगितलं की असं होत नाही, आई जिवंत असताना कोर्ट दुसऱ्याला पालक नेमतच नाही, त्यासाठी आई नालायक आहे असं सिद्ध करावं लागतं. हे ऐकून मी रात्रभर जागी होते. वहिनींविरुद्ध असला एक शब्दही मी कागदावर लिहिणार नाही. लिहावा लागणार असेल तर मला ते पालकत्वच नको.

वहिनी सही करायला तयार आहेत. पण परवा फोनवर रडल्या. म्हणाल्या, "सही केली म्हणजे मी लेक टाकली असं होणार का?" मला उत्तर देता आलं नाही. आणि भावाच्या वाट्याची सव्वा एकर जमीन आहे, सातबाऱ्यावर आई, वहिनी आणि चिऊ अशी वारस नोंद आहे. त्यामुळे भावकीत कुजबुज सुरू झालीच आहे की आत्याचा डोळा जमिनीवर आहे.

कुणी यातून गेलं असेल तर सांगा. स्टँप पुरतो की कोर्ट? आणि आईला कमीपणा न आणता हे होतं का?

दिवाणीवाला, सातारा

ताई, मी जिल्हा न्यायालयात सव्वीस वर्षं वकिली करतो. असे अर्ज बरेच चालवले आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी स्टँपचं. नोटरीच्या संमतीपत्राने पालकत्व एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही. ते घर-जमिनीसारखं लिहून देता येत नाही. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे वडिलांच्या मागे आई ही नैसर्गिक पालक. तिने पुन्हा लग्न केलं तरी ती पालक राहते, आणि तिचा नवा नवरा लग्नामुळे मुलीचा पालक होत नाही. म्हणजे आज कायद्याच्या नजरेत चिऊच्या पालक तुमच्या वहिनीच आहेत. तरी संमतीपत्र कराच, कारण रोजच्या कामाला ते उपयोगी पडतं आणि पुढे कोर्टात पुरावा होतो. मात्र त्यावर "पालकत्वाचे सर्व हक्क कायमचे सोडत आहे" असलं वाक्य कुणी टाईप केलं असेल तर आधी ते खोडा. टायपिंगवाल्यांकडे हा मजकूर तयारच असतो. वहिनी रडल्या त्या असलंच काही वाचून रडल्या असतील तर मला नवल वाटणार नाही.

सुकन्या खात्यासाठी कोर्टात जाऊ नका. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राच्या सूचना आल्या की आजी-आजोबांनी काढलेलं खातं नैसर्गिक किंवा कायदेशीर पालकाच्या नावे करायचं. नैसर्गिक पालक हयात आहेत. दिवाळीला वहिनी येतील तेव्हा आधार, चिऊचा जन्मदाखला आणि भावाचा मृत्युदाखला घेऊन पोस्टात जा. पैसे नंतर तुम्ही भरा, आजोबा भरोत, अडत नाही.

आता कोर्ट. मार्ग आहे 1890 च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्टचा. इंग्रजांच्या काळातला कायदा आहे पण आजही अर्ज त्याखालीच होतो. तुम्हाला ज्यांनी घाबरवलं ते कलम 19 बद्दल बोलत होते. त्यात म्हटलंय की वडील किंवा आई हयात असतील आणि कोर्टाच्या मते पालक व्हायला अपात्र नसतील, तर मुलाच्या व्यक्तीचा (म्हणजे सांभाळाचा, मालमत्तेचा नव्हे) पालक म्हणून दुसऱ्याला नेमता येत नाही. पूर्वी त्यात फक्त "वडील" होतं, 2010 च्या दुरुस्तीने आई आली. हे कलम खरं आहे आणि काही न्यायाधीश त्यावर बोट ठेवतात, हेही तुम्हाला माहीत असलेलं बरं. पण अपात्र म्हणजे वाईट चालीची असं नव्हे. मुलीची तब्येत तिथे टिकत नाही, शिक्षण होत नाही, आई एवढ्या लांबून रोजचे निर्णय घेऊ शकत नाही आणि हे ती स्वतः कोर्टासमोर सांगते, अशी मांडणी करायची. शेवटी कलम 7 आणि 17 प्रमाणे कोर्टाने मुलाचं हित बघायचं असतं. आईची संमती हा त्या हिताचा एक पुरावा असतो. संमती आहे म्हणून आपोआप हुकूम होत नाही, आणि ते योग्यच आहे. दबावाखाली सही केलेल्या आया मी पाहिल्या आहेत.

अर्जात "आई सक्षम नाही" असं न लिहिता काय लिहायचं ते तुमच्या वकिलाला बसून सांगा. मी लिहितो तेव्हा आईच्या कष्टाची दोन वाक्यं आवर्जून घालतो.

जमिनीबद्दल: अर्ज फक्त चिऊच्या व्यक्तीच्या पालकत्वाचा करा, मालमत्तेचा करूच नका. सातबाऱ्यावर चिऊच्या नावापुढे अपाक (अज्ञान, म्हणजे अठराखालच्या मुलाचा पालनकर्ता) म्हणून आईचं नाव असेल तर ते तसंच राहू द्या. नैसर्गिक पालकालाही अज्ञानाची जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, विकली तर मुलगी सज्ञान झाल्यावर तो व्यवहार रद्द करून घेऊ शकते. "अर्जदार मिळकतीबाबत कोणतीही दाद मागत नाही" हे एक वाक्य अर्जात असलं की भावकीला दाखवायला पुरेल.

आणि खर्चाची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

जि.प. शिक्षिका

शाळेपुरतं बोलते. शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये पालकाची व्याख्या दिली आहे. मुलाचा सांभाळ आणि ताबा ज्याच्याकडे आहे ती व्यक्ती पालक. नैसर्गिक आणि कोर्टाने नेमलेले पालक त्यात आहेतच, पण सांभाळणाराही आहे. त्यामुळे पाचवीच्या प्रवेशाला कोर्टाचा कागद मागता येत नाही. मुख्याध्यापकांना कलम 2 दाखवा, शांतपणे. बहुतेकदा त्यांनाही माहीत नसतं.

आणि बालसंगोपन योजनेचा अर्ज केला आहे का? वडील नसलेल्या मुलांसाठी आहे, जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे होतो आणि बाल कल्याण समिती मंजूर करते. माझ्या वर्गातल्या तीन मुलांचा झाला. आईचं दुसरं लग्न झालंय हे लपवू नका, आहे ते सांगा आणि समितीला ठरवू द्या.

कोथरूडचा मामा

मी हे केलंय. 2019 साली, बहिणीच्या मुलासाठी. मेहुणे वारले होते, बहिणीला दीर्घ आजार. तिची पूर्ण संमती होती तरी सात महिने लागले.

पुण्यात कौटुंबिक न्यायालय आहे, त्यामुळे आमचा अर्ज शिवाजीनगरला झाला. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे जिल्हा न्यायालय. मूल जिथे नेहमी राहतं तिथलं कोर्ट लागतं, म्हणजे तुम्हाला सांगली जिल्हाच, कोइमतूरला जावं लागणार नाही.

वकीलसाहेबांनी कायदा सांगितलाय, मी फक्त आम्हाला जिथे लागलं ते सांगतो.

पहिलं, अर्जावर आईचं नाव "सामनेवाले" म्हणून येतं. बहिणीने ते वाचलं आणि कागद खाली ठेवला. म्हणाली, मी तुझ्यासमोर उभी आहे का रे? मी आधी सांगायला हवं होतं की ती कोर्टाची लिहायची पद्धत आहे. तुम्ही वहिनींना कागद पाठवण्याआधी फोन करा.

दुसरं, नोटीस. कोर्टाच्या फलकावर लावतात आणि मूल राहतं त्या घराच्या दर्शनी भागावरही चिकटवतात. कायद्यातच आहे. आम्ही कामावर होतो, भाचा शाळेतून आला आणि दारावर स्वतःचं नाव वाचत उभा राहिला. सोसायटीतल्या एकाने त्याला विचारलं, तुझ्या घरी पोलीस आले होते का? आठवड्याभर तो दार उघडायला जात नव्हता. चिऊला आधी सांगा. बेलीफ साधारण कधी येईल ते वकिलाला विचारून त्या दिवशी घरी थांबा.

तिसरं, पालक व्हायला तयार असल्याचं तुमचं निवेदन अर्जासोबत लागतं, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी. आमचं एका साक्षीदारावर राहिलं आणि एक तारीख वाया गेली.

बहिणीने ना हरकत पुरसीस, म्हणजे हरकत नसल्याचं लेखी निवेदन, कोर्टात दिली होती, तरी न्यायाधीशांनी तिला समोर बोलावलं. खुर्ची दिली. विचारलं, "भावाने सांगितलं म्हणून म्हणताय का तुम्हाला स्वतःला वाटतं?" मला बाहेर थांबायला सांगितलं होतं. आत ती काय बोलली ते मी आजवर विचारलेलं नाही. वहिनींना एक तारीख तरी यावं लागेल असंच धरून चला.

हुकूम हातात आला की नकला एकदमच चार-पाच काढून घ्या. प्रत्येक ठिकाणी मूळ नक्कल मागतात.

पाल्य होते मी

मी सहसा लिहीत नाही. चिऊने बसमध्ये विचारलेला प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

मी नाशिकची. वडील लहानपणीच गेले, आई मस्कतला रुग्णालयात कामाला गेली, मला मामाकडे ठेवून. मामाला कोर्टाने पालक नेमलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. नवा फ्रॉक घालून नेलं. साहेबांनी आपल्या खोलीत बोलावलं, बिस्किट दिलं, आणि विचारलं की मामाकडे राहायला आवडेल का. समज असलेल्या मुलाचं मत कोर्ट विचारतं, हे मला आत्ता माहीत आहे. तेव्हा मला वाटलं की "हो" म्हटलं तर आई कायमची जाईल. आणि "नाही" म्हटलं तर मामी रागावेल. मी काहीच बोलले नाही. सतराव्या वर्षापर्यंत माझ्या मनात हेच होतं की आईने सही करून मला देऊन टाकलं.

बारावीनंतर पासपोर्टच्या कामासाठी मामाने ट्रंकेतून कोर्टाची नक्कल काढली. मी ती पहिल्यांदा वाचली. त्यात लिहिलं होतं की आई तीन तारखांना हजर होती. मस्कतहून. तिथे पगार कापून. आणि शेवटी एक ओळ होती, आईला मुलीला केव्हाही भेटण्याची, बोलण्याची आणि सुट्टीत सोबत नेण्याची मुभा राहील. ती ओळ आईने हट्टाने घालून घेतली होती, मामाने सांगितलं. मी त्या रात्री तिला फोन केला, आणि आम्ही दोघी बराच वेळ नुसत्या रडलो.

म्हणून दोन विनंत्या. ती ओळ तुमच्या हुकमात येईल असं बघा. आणि चिऊला आत्ताच सांगा, नऊ वर्षांचं मूल सगळं समजतं. तिला सांगताना वहिनी फोनवर असू द्या, म्हणजे ते आईच्या तोंडून येईल.

वहिनींच्या प्रश्नाचं उत्तरही सांगते. नाही, टाकली असं होत नाही. दत्तक दिलं तर जन्मदात्या घराशी कायद्याचं नातं तुटतं आणि ते परत जोडता येत नाही. पालकत्व तसं नाही. आई आईच राहते, तिच्या इस्टेटीतला मुलीचा हक्क राहतो, आडनाव राहतं, आणि परिस्थिती बदलली तर ती पुन्हा कोर्टात जाऊन मुलगी मागू शकते. नाहीतरी चिऊ अठराची झाली की हुकूम आपोआप संपतो.

दिवाणीवाला, सातारा

वरच्या ताईंनी लिहिलं ते बरोबर आहे. एक भर घालतो, कारण ही गोष्ट फार जण विसरतात. कोर्टाने नेमलेल्या पालकाला पाल्याला त्या कोर्टाच्या हद्दीबाहेर परवानगीशिवाय नेऊन ठेवता येत नाही, कलम 26. सुट्टीत कोइमतूरला जाणं-येणं आणि उद्या मिस्टरांची बदली झाली तर, या दोन्हीची मुभा अर्जातच मागून ठेवा.

दवाखान्याचं राहिलं होतं. बारा वर्षांखालच्या मुलाच्या उपचाराला पालकाची किंवा ज्याच्या रीतसर ताब्यात मूल आहे त्याची संमती फौजदारी कायदा धरतो, आणि जीव धोक्यात असेल तर डॉक्टरांनी सहीसाठी थांबायचं नसतं. ठरवलेल्या ऑपरेशनला मात्र दवाखाने सावध असतात. तोवर वहिनींचं नोटरी केलेलं पत्र, त्यांच्या आधारची प्रत आणि फोन नंबर एका फाईलमध्ये ठेवा. "आत्यांना उपचाराबाबत निर्णय घेण्यास मी अधिकार देत आहे" एवढंच त्यात असावं.

विट्याची आत्या

सगळ्यांचे उपकार कसे मानू. काल रात्री साडेआठच्या फोनला मी नाशिकच्या ताईंचं लिहिलेलं वहिनींना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ती ओळ टाका. आणि मे महिन्याची सुट्टी माझी, असं लिहून घ्या." मी म्हटलं, लिहून घेऊ. दिवाळीचे पाच दिवससुद्धा लिहून घेऊ.

त्यांच्याकडे आधीच एक मसुदा पोचला होता, गावातल्या जाणत्यांनी परस्पर पाठवलेला. त्यात "सर्व हक्क कायमचे सोडत आहे" शब्दाला शब्द होतं. वकीलसाहेब, तुम्ही न बघता ओळखलंत. तो फाडायला सांगितला.

चिऊला सांगितलं. फोन स्पीकरवर ठेवला, वहिनीच बोलल्या. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की कोर्टात गेल्यावर तुम्ही दोघी एकाच बाकावर बसणार का. वहिनी म्हणाल्या, हो, आणि तू मध्ये.

सोमवारी मिस्टरांची सुट्टी आहे, सांगलीला विधी सेवा प्राधिकरणात जाऊन येतो. साक्षीदार म्हणून शेजारच्या काकू तयार आहेत. दुसरी सही चुलत दिरांची घ्यायची ठरली होती, पण माझी आई म्हणाली, भावकीतलाच कुणीतरी असू दे, म्हणजे उद्या कुणी बोलायला नको. जे जमिनीवरून सगळ्यात जास्त बोलत होते, त्या आमच्या चुलत्यांकडेच ती आज संध्याकाळी स्वतः जाणार आहे, अर्जाचा मसुदा घेऊन. "मिळकतीबाबत कोणतीही दाद मागत नाही" या वाक्याखाली तिने पेनाने रेघ ओढून ठेवली आहे.